पक्षीगणनेला पहिल्यांदा जाताना : ठाणे खाडीकाठच्या नव्या स्वयंसेवकांसाठी

माझ्या पहिल्या गणनेच्या दिवशी मी वहीत बारा जाती लिहिल्या होत्या. गटातल्या अनुभवी ताईंनी वही हातात घेतली, वरून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "कावळे दिसले नाहीत का?" दिसले होते. निदान चाळीस तरी असतील. ते लिहायचे असतात हे मला माहीत नव्हतं. मी रोहित (फ्लेमिंगो), शेकाटे, चित्रबलाक असे लिहिण्याजोगे वाटणारे पक्षी तेवढे लिहिले होते. ताई म्हणाल्या, "मग ही आवडलेल्या पक्ष्यांची यादी झाली. गणना म्हणजे जे आहे ते सगळं."

ठाणे आणि नवी मुंबईत पक्षिनिरीक्षकांच्या गटात नव्यानं येणाऱ्यांना मी हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगते. दुर्मीळ पक्षी ओळखता येणं ही पुढची गोष्ट. तुमचा खरा उपयोग होतो तो एका ठरलेल्या जागी, दर महिन्याला, त्याच पद्धतीनं उभं राहून समोरचं सगळं मोजण्यात. हे काम शिकायला पक्षितज्ज्ञ असावं लागत नाही. कसं सुरू करायचं ते पायरीपायरीनं सांगते.

आधी तीन रविवार नुसतं फिरा

गटात नाव घातलं की लगेच गणनेला पळू नका. बहुतेक गटांच्या रविवारी सकाळी फेऱ्या असतात. उपवनपासून येऊरकडे, खाडीकाठी कोलशेतला, नाहीतर सीवूड्सच्या टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर. अशा तीन-चार फेऱ्यांना जा. पक्षी बघायचेच, पण गटही पारखून घ्या. फिरणारे पक्ष्यांपासून अंतर राखतात का? जवळचा फोटो मिळावा म्हणून मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवतात का? घरट्यापाशी गर्दी करतात का? फेरी संपल्यावर यादी कुठं जाते, हे कुणी सांगतं का? ज्या गटात आवाज वाजवून पक्षी बाहेर काढतात, तिथं मी दुसऱ्या फेरीला परत गेले नाही. विणीच्या दिवसांत नर आपली हद्द राखण्यासाठी त्या खोट्या आवाजामागे वेड्यासारखा फिरतो आणि तेवढा वेळ पिल्लं उपाशी राहतात.

या फेऱ्यांमध्ये वीसेक रोजचे पक्षी पक्के करा. कावळा, घार, पारवा, साळुंकी, बुलबुल, दयाळ, कोतवाल, भारद्वाज, खंड्या, वेडा राघू, वंचक, गायबगळा, छोटा बगळा, टिटवी, शेकाट्या, तुतवार, पाणकावळा, टिबुकली, हळदीकुंकू बदक. एवढे नीट ओळखता आले की खाडीकाठच्या गणनेत तुम्ही कामाचे झालात. वंचक बसलेला असला की मातकट, चिखलात हरवून जाणारा. उडाला की एकदम पांढरे पंख उघडतात. नवी माणसं त्याला बसलेला एक आणि उडालेला दुसरा असं दोनदा लिहितात. हे ध्यानात ठेवा.

सामान फार लागत नाही. दुर्बीण घ्यायची तर ८×४२ ची. आठपट मोठं दिसतं, आणि समोरची भिंग ४२ मिलिमीटरची असल्यामुळे पहाटेच्या कमी उजेडातही चित्र स्वच्छ येतं. मात्र विकत घेण्याआधी गटातल्या दोघा-तिघांच्या दुर्बिणी डोळ्याला लावून बघा. हातात किती जड लागते, चष्म्यावरून नीट दिसतं का, हे दुकानात कळत नाही. वही आणि शिसपेन्सिल घ्या. खाडीच्या दमट हवेत शाईचं पान पुसट होतं. कपडे मातकट रंगाचे, बाही लांब, कारण तिवरांच्या (खारफुटीच्या झाडांच्या) कडेला मच्छर सोडत नाहीत. टोपी आणि पाण्याची बाटली. बाकी काही नाही.

भरतीची वेळ काढायला शिका

खाडीवरची गणना घड्याळानं चालत नाही, पाण्यानं चालते. हे समजलं नाही तर तुम्ही दोन तास प्रवास करून रिकाम्या चिखलाकडे बघत बसाल.

ओहोटी लागली की खाडीचा चिखल उघडा पडतो. रोहित, पाणटिवळे, टिलवे, चिखले सगळे त्या चिखलावर दूरवर पांगतात. दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात. भरती चढू लागली की चिखल बुडत जातो आणि हे पक्षी विसाव्यासाठी आतल्या पाणथळींकडे सरकतात. सीवूड्सच्या पाणथळी, उरणकडचं पाणजे, खाडीपलीकडची भांडुपची बाजू. म्हणजे सीवूड्सला मोजायचं असेल तर पूर्ण भरतीच्या दीड तास आधी तिथं पोचायचं.

भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं, ते बघाच. पण चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांनी मला जो हिशेब शिकवला तो त्याहून लवकर डोक्यात बसतो. तिथीला पाऊणनं गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, मध्ये साधारण साडेबारा तास. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, आणि खाडीत जसजसं आत जाल, मुंब्रा-कळव्याकडे, तशी भरती आणखी उशिरा पोचते. तरी कालनिर्णयवर नजर टाकून पुढच्या महिन्यातला कुठला रविवार बरा, हे एका मिनिटात ठरवता येतं. द्वादशीच्या आसपास रविवार आला तर सोनंच. ऊन चढायच्या आत भरती.

उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगेच्या (कमी भरतीच्या) दिवसांतही फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप वर चढतं, चिखल पुरता बुडतो आणि पक्षी मोठ्या संख्येनं आत येतात. अष्टमीच्या भांगेला चिखलाचा काही भाग उघडाच राहतो आणि पक्षी तिथंच थांबतात. म्हणून यादीवर तारखेसोबत तिथी लिहून ठेवा. पुढच्या वर्षी "पक्षी कमी झाले" असं म्हणण्याआधी दोन्ही दिवसांचं पाणी सारखं होतं का, ते तपासता येतं.

मोजायचं कसं

गणनेला तीन जणांचा चमू बरा. एक दुर्बिणीतून मोजतो आणि मोठ्यानं बोलतो, एक लिहितो, तिसरा वेळ बघतो आणि मोजणाऱ्याच्या पाठीमागून कुठला थवा उठला तर सांगतो. नवीन असाल तर लिहिण्याचं काम मागून घ्या. लिहिता लिहिता मोजणाऱ्याची नजर कशी फिरते ते कळतं, आणि पक्ष्यांची नावं कानावर पडून पाठ होतात.

जागा ठरलेली. दरवेळी तेच झाड, तोच बांध. नजर दरवेळी डावीकडून उजवीकडे. जे मोजून झालं त्याकडे परत वळायचं नाही. एखादा थवा डावीकडून उठून उजवीकडे बसला तर तो दुसऱ्यांदा मोजायचा नाही, आणि हे लक्षात ठेवायला तिसरा माणूस असतो.

थवा मोठा असेल तर एकेक पक्षी मोजत बसू नका. आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात भरून घ्या. त्या मापाचे ठोकळे पुढे ठेवत जा: दहा, वीस, तीस. थवा हजारांचा असेल तर शंभराचा ठोकळा. घरी सराव करायचा तर ताटात मूठभर साबुदाणा पसरा, दहा सेकंद बघा, आकडा लिहा, मग खरंच मोजा. पहिल्यांदा जवळपास सगळेच कमी सांगतात. मी दोनशे दहा साबुदाण्यांना एकशे वीस म्हटलं होतं. महिनाभर रोज एकदा केलं की नजर वळणावर येते.

सीवूड्सला जानेवारीतली एक सकाळ आठवते. पाणी चढत होतं आणि खाडीवरून रोहितांच्या रांगा येऊ लागल्या. लांबून आधी आवाज येतो, बदकांच्या कलकलाटासारखा पण खालच्या पट्टीतला. मग रांग पाण्यावर उतरते, पाय आधी लटकतात, दोन-चार पावलं पाण्यावर धावतात आणि मान ताठ करून उभे राहतात. थोड्याच वेळात माना खाली, डोकं उलटं, चोच पाण्यात आणि जीभ पंपासारखी चाललेली. छोटा रोहित पाण्यातलं सूक्ष्म शेवाळं गाळून खातो, आणि त्यातल्या रंगद्रव्यानंच तो गुलाबी होतो. त्या दिवशी मोजणारे काका सहाशेवर आले आणि थांबले. "यात राखाडी किती?" असं त्यांनी मला विचारलं. राखाडी म्हणजे लहान वयाचे, अजून रंग न चढलेले. थव्यात ते किती आहेत यावरून मागच्या विणीत पिल्लं किती जगली त्याचा अंदाज येतो. म्हणून रोहित मोजताना तीन रकाने करा: छोटा, मोठा, राखाडी. छोट्याची चोच गडद लाल-काळी, बुटका, रंग दाट. मोठा उंच, फिका, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. ठाणे खाडीत बहुतेक थवा छोट्यांचाच असतो.

काठावर धावणारे छोटे पक्षी मात्र नव्या माणसाला घाम फोडतात. टिलवे, चिखले, तुतवार, सगळे मातकट, सगळे चपळ. न ओळखता आलेल्याला नाव देऊ नका. "छोटे चिखलपक्षी, प्रजात नक्की नाही, अंदाजे १४०" ही नोंद पूर्ण खरी आणि उपयोगी आहे. अंदाजानं घातलेलं चुकीचं नाव वर्षानुवर्षं यादीत राहतं आणि निस्तरताना नाकी नऊ येतात. मोबाइलवरच्या मर्लिनसारख्या अ‍ॅपनं आवाजावरून नाव सुचवलं तर त्या दिशेला बघा, पण स्वतःला पटल्याशिवाय लिहू नका.

काहीच न दिसणं हीसुद्धा नोंद आहे. गेल्या वर्षी या तारखेला तीनशे पाणटिवळे आणि या वर्षी शून्य, तर ते शून्य लिहायचंच.

येऊरच्या जंगलातली गणना वेगळी. तिथं एका ठरलेल्या वाटेनं हळू चालत किंवा एका जागी दहा मिनिटं उभं राहून मोजतात, आणि निम्म्याहून जास्त नोंदी कानानं होतात. तांबटाची टुकटुक, हळद्याची शीळ, आकाशात सर्पगरुडाची हाक. हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे, त्यामुळे सर्वेक्षणाला वन विभागाची परवानगी गट काढतो. ती नसताना स्वतःच्या मनानं आत शिरू नका. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्यातही तसंच.

यादी त्याच संध्याकाळी भरा

उद्या भरू म्हटलेली यादी भरली जात नाही. आमचा गट ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरतो. जागा नकाशावर नेमकी टेकवा, सुरुवातीची वेळ आणि किती मिनिटं मोजलं ते लिहा, आणि "ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का" या प्रश्नाला हो म्हणता येईल अशीच यादी करा. म्हणजे कावळ्यांसकट. संख्येच्या जागी नुसती खूण करता येते, पण शक्यतो आकडा घाला, अंदाजे का होईना. काही विचित्र भरलं गेलं तर तिथले तपासनीस विचारणा करतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, फोटो असेल तर जोडा, नसेल तर कशावरून ओळखलं ते दोन ओळींत लिहा.

वर्षातल्या काही तारखा आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना, जी १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, जिला घराच्या खिडकीतूनही हजेरी लावता येते. पाणपक्षी गणनेला नव्या माणसांची सगळ्यात जास्त गरज पडते, कारण एकाच दिवशी बऱ्याच जागी चमू उभे करायचे असतात.

या आकड्यांचं होतं काय, असं मला पुष्कळ जण विचारतात. २०१५ साली ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला. रामसरच्या निकषांत दोन निकष थेट पाणपक्ष्यांच्या मोजणीचे आहेत: पाणथळीवर नियमितपणे २०,००० किंवा त्याहून जास्त पाणपक्षी येतात का, आणि एखाद्या प्रजातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का तिथं असतात का. कुणीतरी दरवर्षी बांधावर उभं राहून मोजल्याशिवाय या दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही.

चिखलातलं काम

गणनेपाठोपाठ अधिवासाचं काम येतं, आणि त्यातलं पहिलं म्हणजे कांदळवनाची (खारफुटीच्या जंगलाची) सफाई. एकदा तरी जा. तिवराच्या खाली चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो मुळं वर आलेली असतात. ती झाडाची श्वासमुळं. एका सकाळी मी जिथं बसले होते, त्या एका चौरंगाएवढ्या जागेत दुधाच्या सात पिशव्या मुळांना गुंडाळलेल्या होत्या, आणि त्याखाली पुलावरून टाकलेल्या निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी. आतली फुलं कुजून काळी झाली होती, प्लास्टिक जसंच्या तसं. पिशवी ओढायची नाही. ओढली की मूळ तुटतं. एका हातानं मूळ धरून दुसऱ्या हातानं पिशवी उलगडत काढायची. तासाभरात फार जागा होत नाही, पण जेवढी होते तेवढी नीट होते. घोट्यापर्यंत चिखल असतो, म्हणून बांधलेले बूट किंवा गमबूट. सँडल चिखल गिळून टाकतो. हातमोजे जाड घ्या, काचा असतात. भरती लागायच्या आत बाहेर यायचं, आणि गोळा केलेला कचरा कोण, कधी उचलणार हे पालिकेशी आधी ठरवून घ्यायचं. नाहीतर पोती काठावर राहतात आणि पुढच्या उधाणात परत आत जातात. आमच्याकडून एकदा हे झालं आहे. दुसऱ्या आठवड्यात तीच पोती तिवरात अडकलेली बघून फार लागलं होतं.

झाडं लावण्याच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. उघड्या चिखलावर कांदळ लावायच्या मोहिमेला जाऊ नका, कितीही चांगल्या मनानं बोलावलेलं असो. रोहितांना आणि दूरच्या टुंड्रातून येणाऱ्या छोट्या पक्ष्यांना तो उघडा चिखलच हवा असतो. तिथं झाडं उभी राहिली की त्यांचं ताट गेलं. जिथं कांदळवन होतं आणि तोडलं गेलं, तिथं वन विभागाच्या देखरेखीखाली लावायचं असेल तर जरूर जा. अनेकदा रोपं लावण्याची गरजच नसते. भरतीचं पाणी आत येण्याची वाट मोकळी केली की तिवर आपोआप येतो. खाडीचं पाणी आत आणणारी मोरी किंवा नळ बुजला की पाणथळ सुकते आणि पक्षी फिरकत नाहीत. गणनेला गेलात की पाण्याची पातळीही बघा. आम्ही बांधाजवळच्या एका खांबावर पाणी कुठवर आहे ते दर महिन्याला फोटोत घेतो.

राबिट पडताना दिसलं तर

कांदळवनाच्या कडेला राबिटाचे, म्हणजे बांधकामाच्या मलब्याचे, ट्रक रिकामे होताना दिसतील. रात्री-पहाटे एकट्यानं जाऊन अडवायचं नाही. लांबून फोटो घ्या, त्यात एखादी ओळखीची खूण येऊ द्या: विजेचा टॉवर, पूल, इमारत. तारीख, वेळ, मोबाइलवरचं नेमकं ठिकाण आणि दिसला तर गाडीचा क्रमांक लिहा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६. लेखी तक्रार कांदळवन कक्षाकडे, आणि तिची प्रत जिल्हाधिकारी व महापालिकेला. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातली सगळी कांदळवनं आणि त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा राखण्याचा आदेश दिला आहे, त्याचा उल्लेख करा. भाषा साधी ठेवा. कुणाच्या हेतूबद्दल लिहू नका, जे दिसलं ते लिहा. आणि सोबत त्या जागेच्या तुमच्या गणनेचे मागचे आकडे जोडा. "इथं पक्षी येतात" या वाक्यापेक्षा "गेल्या तीन जानेवाऱ्यांत या बांधावरून अनुक्रमे इतके पाणपक्षी मोजले" हे वाक्य फाइलमध्ये टिकतं.

जखमी पक्षी सापडला तर त्याच्यावर हलकेच फडकं टाका, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, अंधारात आणि शांत ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि त्याच १९२६ वर फोन करा. संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेले पक्षी मिळतात. मांजा पंखातून ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा. जेट्टीवर कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकणारी मंडळी भेटतील. त्यांच्याशी भांडू नका, दुर्बीण पुढे करा. कुरव पाण्यावरून स्वतः मासा कसा उचलतो ते एकदा नीट दिसलं की बरेच जण पिशवी बंद करतात. मी हे होताना पाहिलं आहे.

पावसाळ्यात

मे संपला की रोहित गेलेले असतात, गटावरचे फोटो कमी होतात आणि रविवारची उपस्थिती तीसवरून चारवर येते. नव्या माणसानं नेमकं तेव्हा यावं असं मला वाटतं. छत्री घेऊन ठाणे-पनवेल लोकलनं सीवूड्स-दारावेला उतरायचं, त्याच बांधावर, त्याच झाडाखाली उभं राहायचं. जूनच्या सुरुवातीला चातक येतो. जुलैत बांधाकडेच्या बाभळीवर सुगरणी घरटी विणायला घेतात. पाण्यात चार शेकाटे, एक वंचक, टिबुकलीची जोडी. बारा मिनिटांत यादी होते, तरी पंधरा मिनिटं पूर्ण थांबायचं, वेळ लिहायची, पाण्याच्या खांबाचा फोटो घ्यायचा, आणि कावळे मोजायचे.